फॉस्फेटचा खोटा तक्ता

रामटेके मॅडम. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर यांचे. आणि त्यांच्याशीच मी जे वागलो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीट माहीत नाही.

मी भंडाऱ्याजवळच्या करडी गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मॅडम शाळेत विज्ञान शिकवायच्या. बारावी झाल्यावर बाबा म्हणाले, आता कामाला लाग. मॅडम आमच्या अंगणात येऊन बसल्या, चहा प्याल्या, आणि भंडाऱ्याच्या कॉलेजचा फॉर्म पुढे केला. बाबांनी सही करेपर्यंत त्या उठल्याच नाहीत. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली. आज भंडाऱ्यात एका खाजगी प्रयोगशाळेत विहिरींचं आणि बोअरचं पाणी तपासतो.

शाळेत त्यांचा एक नियम होता. तपासणीचं नवं औषध आलं की ते आधी शुद्ध पाण्यात टाकून बघायचं. मग ज्यात काय आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे, अशा पाण्यात. अनोळखी पाणी सगळ्यात शेवटी. तीन ओळींचा तक्ता काढायचा. "ओळखीच्या पाण्याले ओळखत नसन, तं त्या औषधाले घरी पाठवा," म्हणायच्या, आणि आम्ही हसायचो.

निवृत्त होऊन त्या भंडाऱ्याजवळच शहापूरला राहायला आल्या. मुलगा जहाजावर नोकरीला. आईने समुद्र पाहिलेला नाही म्हणून एका सुट्टीत त्याने बैठकीतच मोठी काचपेटी बसवून दिली — खारं पाणी, दोन केशरी मासे आणि जिवंत प्रवाळ. मॅडम बादलीत मीठ विरघळवून समुद्र तयार करायच्या. शेजारच्या शेंडे काकू दारातून ओरडायच्या, "एवढं मीठ पाण्यात कायले टाकून राहिल्या, बाई? वरणात टाकलं असतं तं गाव जेवलं असतं!"

माशांच्या खाण्यातून पाण्यात फॉस्फेट साचतं. ते वाढलं की शेवाळ माजतं आणि प्रवाळ मरतं. पण प्रवाळाला त्रास होतो तो इतक्या थोड्या फॉस्फेटने, की पाणी तपासायचा साधा किट ते पकडतच नाही. मॅडमनी वाचून वाचून दोन किट निवडले आणि दोन्ही माझ्याकडे पाठवले. कुपीत पाणी घ्यायचं, पूड टाकायची, जो निळा रंग येईल तो कार्डाशी जुळवायचा — दोन्हींची रीत सारखीच. भरवशाचा कोणता?

"तू पाण्याचा माणूस," त्या फोनवर म्हणाल्या. "पाह्य अन् सांग, कोणता ठेवू."

त्यांनी मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

किट आठ दिवस माझ्या टेबलावर पडून होते. प्रमाण द्रावणाची, म्हणजे ज्यात फॉस्फेट नेमकं किती हे माहीत असतं त्या पाण्याची, बाटली मागच्याच कपाटात होती. काम अर्ध्या तासाचं. कामाची गर्दी होती असं म्हणता आलं असतं — पण नव्हती. मी भ्यालो होतो. इतकं कमी फॉस्फेट मी कधी मोजलं नव्हतं. द्रावण पातळ करताना हात चुकला तर? ज्या बाईने मला पिपेट धरायला शिकवलं, तिला 'जमलं नाही' कसं सांगायचं?

नवव्या दिवशी मी तक्ता काढला. मनाने. त्यांच्याच पद्धतीने, तीन ओळी, प्रत्येक ओळीत आकडा. एकही कुपी न भरता. ज्या किटचं कार्ड जाड आणि गुळगुळीत होतं, तो चांगला ठरवला.

मॅडमनी तो तक्ता प्लास्टिकमध्ये बसवून पेटीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून दाखवायच्या.

चार महिन्यांनी त्यांचा फोन आला. शेवाळ वाढत होतं, प्रवाळ पांढरं पडत होतं, आणि किट म्हणत होता फॉस्फेट नाहीच. "तुह्या तक्त्यात तं निळा आला होता, विलास. मलेच दिसून नाही राहिला का?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मॅडम, वयानं होते असं. फिके रंग लवकर दिसत नाहीत."

किती मायेने म्हणालो होतो! ती माया मला अजून ऐकू येते.

त्या डोळे तपासून आल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. मॅडमचा विश्वास बसला नाही — "ते अक्षरं दाखवतेत, निळा रंग कुठं दाखवतेत?" माझ्या कागदावर मात्र बसला होता. रविवारी आसपासची मुलं त्यांच्या घरी प्रयोग शिकायला यायची. ते त्यांनी बंद केलं. रंग कधी बदलला हे आपल्यालाच दिसत नसेल, तर लेकरांना काय शिकवायचं?

प्रवाळ गेलं. मासे त्यांनी कुणाला तरी दिले, पेटी रिकामी केली, आणि उरलेला किट मला परत दिला — तुझ्या कामी येईल म्हणून.

त्या दिवशी मी अखेर प्रमाण द्रावण काढलं. फॉस्फेट आहे हे पक्कं माहीत असलेलं पाणी. पूड टाकली. रंग आला नाही. तीनदा केलं. मग ड्रॉवरमधला दुसरा किट काढला, जो मी वाईट ठरवला होता. दहा मिनिटांत कुपी निळी झाली.

याला आता दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मी त्यांच्याकडे कितीदा जेवलो! त्या डोळ्यांबद्दल बोलायच्या आणि मी मान हलवायचो. हे पहिल्या खोट्यापेक्षा वाईट नाही का?

गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे एक साडी धरली. "निळी हाय का जांभळी? मले वाटते निळी. पण तूच सांग, माह्या डोळ्यायचा भरोसा नाही."

साडी निळी होती.

काल त्यांना पत्र पाठवलं. ते असं —

आदरणीय मॅडम,

तुमच्या कपाटाला लावलेला तक्ता खोटा आहे. मी एकही कुपी तपासली नव्हती. किट वाईट होता, हे दीड वर्षापूर्वी तपासून मला कळलं, तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला निळा दिसला नाही, कारण कुपीत निळा नव्हताच. वयाचं मी जे बोललो, तेही माझं पाप झाकायला.

सोबत दुसऱ्या कंपनीचा नवा किट आणि दोन बाटल्या आहेत. पहिलीत शुद्ध पाणी आहे, दुसरीत फॉस्फेट. बाटल्यांवरचे आकडे यावेळी मोजून लिहिले आहेत. दुसऱ्या बाटलीच्या पाण्यात पूड टाकली की दहा मिनिटांत फिका निळा रंग येतो. तो तुम्हाला दिसेल.

विलास