मनुबाईची पाऊणपट

रेवदंड्यात डॉक्टर मृणालबाईंचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे आणि त्याच्या दारात गेली एकोणीस वर्षं मनुबाई आहे. हुद्दा मावशीचा. फरशी पुसायची, पेशंटला हाताला धरून आत न्यायचं आणि उरल्या वेळात दाराशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. हे शेवटचं काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते ती सगळ्यात मन लावून करायची.

यंदा दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी नवी मुंबईहून दीपेश नावाचा सल्लागार आणला. कमी माणसांत जास्त काम उरकण्याला लीन मॅनेजमेंट म्हणतात आणि त्यासाठी आधी एक माणूस जास्त ठेवावा लागतो, हे तेव्हा गावाला कळलं. दीपेश आठवडाभर घड्याळ घेऊन मनुबाईच्या मागे फिरला. ती पाणी प्यायली तरी लिहायचा.

"माझं लगीन जमवतंस काय रं?" तिने विचारलं.

त्याने तेही लिहून घेतलं. अनावश्यक संभाषण, चार सेकंद.

अहवाल आला. ओपीडीतली गर्दी सरासरी साडेअकराला होते, सबब तिन्ही सिस्टर सकाळी, संध्याकाळी त्यांतली एकच. आणि मावशी रोज चार तास रिकामी असते, सबब महिनाअखेर ते पद बंद.

मनुबाईला हे फार लागलं. घरी नवरा भागोजीची बोट होती, सून होती, खायची भ्रांत नव्हती. पण हॉस्पिटलवाचून दिवस कसा काढायचा हे तिला सुचेना. त्यात कोळणीला रिकामी म्हणायचं म्हणजे शिवीच की!

नवा तक्ता भिंतीवर लागला आणि आठवड्यात त्याची दाणादाण उडाली. सकाळी तिघी सिस्टर माशा मारत बसल्या. संध्याकाळी पाचला ही झुंबड आणि समोर एकटी पूनम सिस्टर. जनी नावाची कोळीण शिंगाळा माशाचा काटा रुतून सुजलेला हात धरून तासभर बाकावर कण्हत होती. मनुबाईने गप्प राहायचं ठरवलं असतं, तर तक्ता आपोआप तोंडावर आपटला असता आणि तिचं पद वाचलं असतं. पण जनीचं कण्हणं तिला ऐकवेना. ती तडक दीपेशपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, तिथीची पाऊणपट करा. आज पुनव. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तवा भरती. भरतीबिगर बोटी खाडीत येत न्हाईत. मंग म्हावरा उतरायचा, इकायचा, पाच वाजतानच. तवा बाया दवाखान्यात येतान. तुमी मोजलंव तवा अष्टमी व्हती. भरती सहालाच, बाया अकराला मोकल्या."

मासळी विकल्याशिवाय कोळणीचं अंग दुखत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. पण दीपेश ते कधी शिकलेलाच नव्हता. पोरगा हुशार. त्याने रात्रीत पंचांग कॉम्प्युटरात भरलं आणि दुसऱ्या दिवसापासून गर्दी आणि सिस्टर एकाच वेळी येऊ लागल्या.

"मावशी, तुम्ही ग्रेट आहात," तो म्हणाला. मात्र पद बंदच. मनुबाईला ठाऊक होतं ते आता कॉम्प्युटरला ठाऊक झालं होतं. बाईने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. वद्य द्वादशी, भरती नऊला, म्हणजे गर्दी दोनच्या सुमाराला. दीपेश मुद्दाम ते बघायला आला होता. पूनमची रजा रद्द करून तिघी सिस्टर टेबलाशी सज्ज होत्या. दोन वाजले, अडीच वाजले, तीन वाजले. दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. दीपेशने तिथी पुन्हा तपासली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी डॉक्टरही बाहेर आल्या.

"कोन येनार आज?" मनुबाई फरशी पुसता पुसता, मान वर न करता म्हणाली. "हिरामनच्या पोरीची हलद हाय. बोटी कालपासून नांगरून हायेत. सगला कोलीवारा मांडवात."

"हे तुम्हाला कसं कळलं?" दीपेशने विचारलं.

"आवतान हाय ना मना."

"मग तुम्ही गेला नाहीत?"

"कशी जाऊ? आजची डुटी हाय माझी." तिने फडका पिळला. "कंपुटरला आवतान कुनी देत न्हाय, साहेब."

दीपेशने वही मिटली. डॉक्टरांनी पद बंद केल्याचा कागद फाईलमधून काढला आणि सगळ्यांसमोर चार तुकडे केले. "मनुबाई, उद्यापासून नेहमीसारख्या या."

मनुबाईचे डोळे भरून आले. तिने पदराने ते पुसले आणि मान हलवली.

"उद्या न्हाय जमनार, बाय. उद्या लगीन हाय. उद्या दवाखाना बंदच ठेवा."