कुंडी जड का लागली

"मॅडम, ही कुंडी जड लागते," परब म्हणाले.

परब आमच्या कांजूरमार्गच्या लॅबमध्ये ग्रोथ रूम सांभाळतात. ग्रोथ रूम म्हणजे दिवे, एसी आणि मांडण्या असलेली बंद खोली. जवळच्या कचऱ्याच्या डंपिंगकडून वारा सुटला की आम्ही नाक धरतो, आतली रोपं मजेत असतात. परब मांडणी पुसायला ट्रे उचलत होते.

"बाजूची बघा, हलकी. दोघींना बारा दिवस पाणी नाही."

माझं डोकंच फिरलं. का, ते सांगते.

आम्ही नाचणीतला एक जीन तपासत होतो. नाचणीला पाणी कमी पडलं की हा जीन जागा होतो, म्हणून आमची नजर त्याच्यावर. पण नाचणीतच तपासायचं तर फार वेळ जातो. म्हणून असे जीन आधी अरॅबिडॉप्सिसमध्ये घालतात. हे मोहरीच्या कुळातलं वीतभर रोप. खायच्या कामाचं नाही, पण दोन महिन्यांत बी देतं. त्याच्या कळ्या एका बॅक्टेरियाच्या द्रावणात बुडवायच्या, तो बॅक्टेरिया जीन आत नेऊन ठेवतो. मग त्या कळ्यांना धरलेल्या बियांतून काही रोपं नवा जीन घेऊन उगवतात. जीन असा जोडलेला असतो की तो सतत जोरात चालतो. याला म्हणतात ओव्हरएक्स्प्रेशन. रेडिओचा आवाज पूर्ण वाढवायचा आणि घरात काय काय थरथरतं ते बघायचं, इतकंच.

आमच्या रोपांचं पाणी दोन आठवडे तोडलं. साधी रोपं मेली, जीनवाली उभी राहिली. लॅबमध्ये पेढे वाटले गेले. ज्या बियाणे कंपनीसाठी काम चाललं होतं, तिला हे सगळं पुढच्या शुक्रवारी दाखवायचं होतं. ते हो म्हणाले तर प्रोजेक्ट चालू राहणार होता, आणि त्याच्यासोबत प्रज्ञाचं कॉन्ट्रॅक्टही. प्रज्ञा कांबळे माझी ज्युनिअर, मुलुंडहून येते, हात सोन्याचा. प्रत्येक रोप तिनेच वाढवलं होतं. व्हिडिओ काढायचा म्हणून तीच टेस्ट आम्ही पुन्हा लावली होती.

आणि आता कुंडीचा नंबर प्रज्ञाच्या वहीत पाहिला, तर जड कुंडी जीनवाली. म्हणजे कोणीतरी पाणी घातलं. खोलीची चावी परबांकडे.

"परब, तुम्हाला दया आली ना? खरं सांगा."

त्यांचा चेहरा पडला. एरवी माझ्याशी नीट शुद्ध बोलणारा माणूस एकदम गावच्या बोलीत गेला. "मी पानी घातलंय आसतंय तर सगळ्यांक घातलंय आसतंय. मेलेल्यांशी माझा काय वैर आसा?"

त्यांचं बरोबर होतं. साध्या आणि जीनवाल्या रोपांच्या कुंड्या एकाच ट्रेमध्ये मिसळून ठेवलेल्या होत्या, आणि जीन कुठल्या कुंडीत हे फक्त प्रज्ञाच्या वहीत होतं. निवडून पाणी घालणं परबांना शक्यच नव्हतं. मी सॉरी म्हटलं. ते "असू दे" म्हणाले, पण दुपारचा चहा माझ्या टेबलावर आला नाही.

मी एकेक कुंडी काट्यावर ठेवली. जीनवाल्या सगळ्या जड. मग नोंदीसाठी प्रज्ञाला फोटो काढायला सांगितले. फोटोत साधं आणि जीनवालं रोप सारखंच मोठं दिसत होतं. समोर मात्र जीनवाल्याची पानं निम्मीच होती.

"प्रज्ञा, हे असं का दिसतंय?"

"मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, फोटोत रोप भरून दिसू दे. म्हणून छोट्यांना झूम करते."

म्हणालेच होते मी. रोपं जरा आटोपशीर आहेत हे रोज दिसत होतं, पण चांगला रिझल्ट हातात असला की डोळ्यांवर आपोआप पट्टी येते. पान लहान, तर पाणी कमी पितं. पाणी कमी प्यायलं की माती ओली राहते. आमची रोपं दुष्काळ सोसत नव्हती. त्यांच्या कुंडीत दुष्काळ आलाच नव्हता.

"वाट लागली," प्रज्ञा म्हणाली. मग हळूच, "मॅडम, माझं कॉन्ट्रॅक्ट?"

मला वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. पण काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी दळवीच्या केबिनमध्ये गेले. दळवी माझा बॉस, आणि कॉलेजपासूनचा मित्र.

"पाच आठवडे दे."

"वेडी झालीस का? रिझल्ट झकास आहे, तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले होते. आता म्हणत नाही."

"मी क्लायंटला काय सांगू?"

"सांग, रोपं अजून लहान आहेत. खोटं नाहीये ते."

तो हसला नाही, पण तारीख पुढे ढकलली.

या वेळी एकाच कुंडीत दोन्ही रोपं शेजारी लावली. माती एक, पाणी एक. परब रोज कुंड्यांची वजनं घेत होते आणि प्रज्ञा पानं आणि दांडे मोजत होती, पट्टी लावून. पाणी तोडल्यावर दहाव्या दिवशी साधं रोप माना टाकू लागलं. त्याच दिवशी त्याच्या शेजारचं जीनवालंही. प्रज्ञाने वहीत नोंद केली.

मीटिंगमध्ये मी पहिल्याच स्लाइडवर सांगून टाकलं, हा दुष्काळाचा जीन नाही, आमची चूक झाली. दळवी छताकडे बघत होता. स्क्रीनवर कंपनीचे एक वयस्कर ब्रीडर होते, नवे वाण तयार करणारे. ते जरा वेळाने म्हणाले, "मग हा करतो काय?"

"वाढ आवरतो सर. पानं आणि दांडा, दोन्ही," प्रज्ञा म्हणाली.

"दांडा किती कमी?"

तिने वही न उघडता आकडा सांगितला. ब्रीडर पुढे सरकले. "आमची नाचणी कणीस भरलं की वाऱ्यात आडवी होते. बुटका दांडा मला हवाच आहे. नाचणीत करून दाखवाल?"

"वेळ लागेल," मी म्हटलं.

"लागू द्या. चूक स्वतःहून सांगणारे आम्हाला कमीच भेटतात."

प्रज्ञाचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. नाचणीत हा जीन खरंच दांडा आखूड करतो का, ते अजून कळायचंय. अरॅबिडॉप्सिस सुचवतं, शब्द देत नाही. त्या दुपारी माझ्या टेबलावर चहा आला, आलं घातलेला.

आता आमच्या लॅबमध्ये पट्टीशिवाय फोटो आणि वजनाशिवाय कुंडी चालत नाही. तिसरा नियम फक्त माझ्यासाठी आहे: कोणावर संशय घ्यायच्या आधी कुंडी आपल्या हाताने उचलून बघायची.