उघड्या डोळ्यांची प्रार्थना

प्रार्थनेत डोळे मिटायचे, हे मला कधी जमलंच नाही. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब "आपण प्रार्थना करू या" म्हणाले, की सगळ्यांच्या माना खाली जातात, डोळे मिटतात, आणि मी आपली टकामका बघत बसते. पुढच्या बाकावरचे एक काका लांबलचक प्रार्थनेत हळूच घड्याळ बघतात. म्हणजे त्यांचेही डोळे उघडेच की! पण ते धरायचं नाही, ते मंडळीतले जुने माणूस. कुणाच्या तरी खांद्यावरचं लेकरू तेवढं माझ्याकडे बघून हसतं, मग मीही हसते.

माझ्या शेजारी आणखी एक जण डोळे उघडे ठेवून बसायच्या, त्या माझ्या सासूबाई. त्यांना दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे माझ्या लग्नाआधीच गेले होते, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर काही परत येत नाही. एकदा मी विचारलं, "तुम्ही प्रार्थनेत डोळे काहून मिटत न्हाई?" तर म्हणाल्या, "मिटून काय करू बाई? आतबी तेच अन् भाईरबी तेच." घरात त्यांना सगळे आई म्हणत. माझ्या माहेरी सासूला आत्याबाई म्हणतात, माझ्या तोंडात तेच बसलं होतं, आणि त्यांनाही ते आवडायचं. त्यांना जाऊन आता दोन नाताळ झाले. बाकावरची त्यांची जागा मी अजून सोडून बसते.

मी अंबडकडची. आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली. देव म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं नाही, आईनं दाखवलं. नवरात्रात अंबडच्या टेकडीवर देवीच्या रांगेत आम्ही पहाटेपासून उभं राहायचो. पाय दुखायचे, ऊन चढायचं, आणि गाभाऱ्याशी पोचलं की मागून अशी रेटारेटी व्हायची की विचारू नका. मी हात जोडून डोळे मिटले की आई पाठीत धपाटा घालायची. "डोळे उघड की! एवढं चढून आलो ते काय अंधार बघायला?" मग मी बघायची. कुंकवानं भरलेलं तोंड आणि त्यात ते टपोरे डोळे. क्षणभरच, पण ते माझ्याकडेच बघायचे, यात मला बिलकुल शंका नसायची. उतरताना आई विचारायची, "दिसली का डोळे भरून?" आणि मी हो म्हणायची. देव दिसतो, आणि आपण देवाला दिसतो, संपलं.

पुढे जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरायला लागले. तिथं चाळणीच्या मशीनवर एक शांत माणूस होता, डब्यातलं लोणचं न विचारता माझ्यापुढे सरकवायचा. त्याच्याशीच लग्न केलं. तो ख्रिस्ती. वडील म्हणाले, आमची पोरगी मेली. आई काही म्हणाली नाही, पण कधीमधी शेजारणीच्या फोनवरून बोलायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "येते बघ एखाद दिवस."

आम्ही राहायचो बदनापूरला आणि रविवारी काळीपिवळी जीपनं जालन्याला उपासनेला जायचो. आमच्याकडे चर्चला मंदिरच म्हणतात. पहिल्या रविवारी मी नवी साडी नेसले, पिशवीत नारळ घेतला, कुंकवाची पुडी घेतली. नवी सून रिकाम्या हातानं देवाला जाते होय? आत गेले तर चुन्यानं रंगवलेली भिंत, तिच्यावर लाकडी क्रूस, दोन फुलदाण्या, आणि बाजूला एक मरून पडदा. मी म्हटलं, असेल, देव पडद्यामागं असेल, आरतीच्या वेळी उघडतील. गाणी झाली, वाचन झालं, उपदेश झाला. पडदा काही हलेना. सगळे उठायला लागले तेव्हा मला राहवेना. "अहो, देव कुठंय? पडदा कवा उघडणार?" मी जरा मोठ्यानंच विचारलं. नवऱ्यानं मान खाली घातली. पडद्यामागं मोडक्या खुर्च्या, एक ढोलकी आणि नाताळातला कागदी तारा होता, हे मला नंतर कळलं.

बरं, तेवढ्यावर थांबेन ती मी कसली? सगळे बाहेर चहाला गेल्यावर मी पुढे गेले आणि क्रूसाला कुंकू लावून, नारळ ठेवून, नमस्कार करून आले. मग काय विचारता! घड्याळवाले काका रुमाल काढून क्रूस पुसताहेत, बायका कुजबुजताहेत, नवरा घामाघूम. आत्याबाईंनी कुणाला तरी विचारलं, काय झालं, आणि ऐकून खो खो हसत सुटल्या. "रागावू नका तिला," म्हणाल्या, "देवाला भेटायला आल्ती ती." एवढ्या माणसांत मला ओळखलं ते डोळे नसलेल्या बाईनं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

पण माझी खरी तळमळ तिथूनच सुरू झाली. आत्याबाई गायला लागल्या की त्यांच्या तोंडावर एक कळा यायची. मान जराशी वर, ओठांवर हसू येऊ की नको असं, आणि ते विझलेले डोळे समोर कुणाकडे तरी लागलेले. मंडळीतल्या बायका आजारी लेकरं घेऊन त्यांच्याकडे प्रार्थनेला यायच्या. म्हणायच्या, देहाचे डोळे गेले पण त्यांना प्रभू दिसतो. मी त्यांच्या नजरेमागं माझी नजर लावून बघायची. मला भिंत दिसायची, पंखा दिसायचा. देवीचे डोळे सोडून आले होते आणि इथं कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. हेवा वाटायचा हो मला आंधळ्या बाईचा, खोटं कशाला सांगू.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं, प्रभूच्या आठवणीत भाकर अन् द्राक्षारस घ्यायचा. मी आत्याबाईंचा हात धरून त्यांना पुढच्या कठड्यापर्यंत न्यायची. त्या गुडघे टेकायच्या, तळहात पुढे करायच्या, पाळकसाहेब त्यांच्या हातावर तुकडा ठेवायचे. म्हणायचं भाकर, असतो पावाचा तुकडा, आणि द्राक्षारस म्हणजे उकळलेल्या मनुकांचं पाणी. मी मागं उभी. माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता, मला मिळायचं नाही. मनुकांचा वास नाकापर्यंत यायचा आणि माझा जीव त्या तुकड्यासाठी असा तुटायचा की घरी भरल्या ताटावर बसले तरी पोटात रिकामंच वाटायचं.

तुम्ही म्हणाल, मग घ्यायचा की बाप्तिस्मा, कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, नवऱ्यानं तर कितीदा. पण त्यात सगळ्यांसमोर विचारतात, तुझा विश्वास आहे काय? आणि आहे म्हणावं लागतं. मला काही दिसतच नव्हतं तर आहे कसं म्हणू? खोटं बोलून देवाच्या ताटात हात घालायचा? नवरा एकदा वैतागला. "बाकीच्यांना काय दिसतंय मोठं? म्हणून टाक अन् मोकळी हो." मी म्हटलं, "तुम्हाला दिसतंय का?" तो मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरायचंय म्हणून जल्दी बाहेर पडला.

त्याच सुमारास एकदा आईचा फोन आला. वडील सोमवारी कोर्टाच्या कामाला दिवसभर अंबडला असणार, तेवढ्यात बदनापूरला येऊन जाते म्हणाली. मी पहाटे उठून अंगण झाडलं, थेट रस्त्यापर्यंत. पुरण घातलं. दारासमोर रिक्षा थांबली की धावत जायची. दुपार झाली, दिवस कलला. आई आली नाही. मागाहून फोनवर कळलं, वडिलांची तारीख पुढे ढकलली गेली होती, ते सकाळीच परत आले होते. पण तेव्हापासून सोमवार आला की माझा झाडू आपोआप रस्त्यापर्यंत जायचा. नवरा चेष्टा करायचा, "आल्या का सासूबाई?" मी म्हणायची, "तुमचं काय जातंय?"

एका रविवारी पाळकसाहेबांनी आंधळ्याची गोष्ट सांगितली, रस्त्याच्या कडेला बसून ओरडणाऱ्या भिकाऱ्याची, ज्याला प्रभूनं दृष्टी दिली. सगळं मंदिर वळून आत्याबाईंकडे बघायला लागलं. पाळकसाहेब म्हणाले, खरे आंधळे आपण, कारण विश्वासाचे डोळे आपण मिटून ठेवलेत. आपल्या या बहिणीकडे बघा. मी बघितलं. तीच मान, तेच तोंड. मला राग आला की रडू, कळेना.

घरी आल्यावर आत्याबाई ओट्यावर मेथी निवडायला बसल्या. मी समोर जाऊन बसले आणि पदर पसरल्यासारखं बोलून गेले. "आत्याबाई, एक सांगा. तो कसा दिसतो? मला न्हाई तर न्हाई, तुम्हाला दिसतो ना, मंग मला नुसतं सांगा. मी तेवढ्यावर भागवून घेईन."

त्यांचे हात थांबले.

"न्हाई दिसत," म्हणाल्या.

"म्हंजी?"

"कधीच न्हाई दिसला. डोळे होते तवाबी न्हाई. डोळे गेले तवा वाटलं, आता बाकीचं समदं मिटलं, आता तरी दिसंल. न्हाई दिसला बाई."

मला असा राग आला! मी म्हटलं, "मंग ते तोंड? गाताना तुमचं तोंड कसं होतं, मी बघते ना! लोकं लेकरं घेऊन येतात तुमच्याकडं!"

"माझं तोंड मला काय ठाऊक कसं होतं?" त्या म्हणाल्या. मग मेथीची काडी हातात फिरवत राहिल्या. "तू सोमवारी कुठपर्यंत झाडतीस गं?"

मी मेथीची एक जुडी पुढे ओढली.

"मला दिसत न्हाई, पण झाडू ऐकू येतो. पार सडकेपर्यंत जातो. आली का तुझी आई?"

"न्हाई."

"मंग झाडायचं सोडलंस?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मेथी सगळी खाली सांडली. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी आपण होऊन पाळकसाहेबांकडे गेले. प्रभुभोजनाचाच रविवार ठरला. मी पुढे उभी राहिले, पाळकसाहेबांच्या हातात पुस्तक, शेजारी पाण्याचं भांडं. त्यांनी विचारलं, "येशू ख्रिस्त तुझा तारणारा आहे, असा तुझा विश्वास आहे काय?" नवरा पहिल्या बाकावरून डोळ्यांनी खुणावतोय, म्हण, आहे म्हण.

"साहेब," मी म्हटलं, "मला काही दिसत न्हाई. आजपर्यंत कधीच न्हाई दिसलं. पण मी वाट बघून राह्यले, अन् ती काही सोडणार न्हाई. एवढ्यावर चालंल का?"

पाळकसाहेबांनी पुस्तकात बघितलं, पण तिथं याचं उत्तर छापलेलं नसणार. घड्याळवाले काका खाकरले. आणि तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"चालतंय, पाळकसाहेब! माझं चाललंच की इतकी वर्षं!"

सगळ्या माना वळल्या. आत्याबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. ज्या बाया त्यांच्याकडे लेकरं घेऊन जायच्या त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. मग "बरं," म्हणाले, पुस्तक बाजूला ठेवलं आणि पाण्यात हात घातला. पाणी माझ्या कपाळावरून नाकावर आलं, गार होतं.

त्या दिवशी कठड्याशी मी आत्याबाईंच्या मागं उभी राहिले नाही, शेजारी गुडघे टेकले. तळहातावर पावाचा तुकडा आला. कडेला जरा सुकलेला, चव फिकी. तोंडात घातला आणि डोळ्यांना धारा लागल्या. का, ते मला विचारू नका. मी डोळे मिटले नाहीत. भिजल्या डोळ्यांनी समोर बघत राहिले, जेवढं बघवेल तेवढं.

आत्याबाईंनी कोपरानं ढोसलं. "दिसलं का गं काही?" चेष्टा नव्हती. फार आशेनं विचारत होत्या.

"न्हाई, आत्याबाई."

मग माझा दंड धरून हळूहळू उठल्या.

"चल मंग," म्हणाल्या. "फुडच्या म्हैन्यात पुन्हा येऊ."