आधी दगड, मग बटण

वायरिंगच्या दुकानात वायरींचे तुकडे साठतात, तसेच किस्से साठतात. फेकून द्यावेत म्हटलं तर हात होत नाही. कधी कुठला जोडायला लागेल, काय सांगावं?

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुपारचा डबा घेऊन मी आमच्या पिऊला कडेवर घेते आणि तिथं जाते, ते संध्याकाळपर्यंत तिथंच. पिऊ तीन वर्षांची. मी जन्माची भित्री. आणि मालकांनी सुरू केलं काय, तर रिमोट स्टार्टर बसवायचं काम! घरात बसून बटण दाबायचं, की खाली गाडी आपोआप चालू. आत माणूस नाही, काही नाही. उन्हाळ्यात तुम्ही खाली येईपर्यंत एसीनं गाडी गार झालेली असते म्हणे. मला मात्र ऐकूनच घाम फुटला होता.

*

पहिली गाडी एका गुरुजींची. काम अर्धंच झालेलं. हँडब्रेक ओढल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारी वायर जोडायची राहिली होती. मालक ती आणायला आत गेले आणि गुरुजींना दम निघेना. त्यांनी रिमोट उचलला आणि दाबला.

आता आमच्याकडं गाडी लावायची म्हणजे गिअरात टाकून लावायची. हँडब्रेकवर कुणाचा भरवसा? गुरुजींनीही तशीच लावलेली. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि समोरचा पाण्याचा माठ फोडला.

गुरुजी म्हणाले, "तहानली असंल बिचारी."

सगळे हसले. मी हसले नाही. माठाच्या खापरात पिऊच्या चपला पडल्या होत्या. पिऊ माझ्या मांडीवर होती म्हणून बरं.

मी मालकांना म्हटलं, "ह्ये काम बंद करा. न्हायतर उद्यापास्नं पोरगी दुकानात येणार न्हाय."

ते भांडले नाहीत. खापऱ्या गोळा करत एवढंच म्हणाले, "मग मी तिला जागी कवा बघू?"

खरंच होतं ते. सकाळी ते निघतात तेव्हा ती झोपेत, रात्री येतात तेव्हाही झोपेत. मी म्हटलं, "बरं. पर परत एकदा जरी माझ्या काळजात धस्स झालं, की त्या दिवशी बंद."

तेव्हापासून दुकानात माझा कायदा. चाकाखाली दगड लागल्याशिवाय आणि मी "न्यूट्रल हाय का?" विचारल्याशिवाय कुणी बटण दाबायचं नाही.

*

जयसिंगपूरच्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. स्टार्टर दुकानात चालतो, घरी गेला की चालत नाही. रविवार होता, आम्ही तिघं गेलो.

ह्या स्टार्टरची एक रीत आहे. इंजिन चालू ठेवायचं, न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, उतरून दार लावायचं. मग गाडी आपली आपण बंद होते आणि रिमोटची वाट बघते. पण त्यानंतर कुणी दार उघडलं, की सगळं रद्द. आत शिरून कुणी गिअर टाकला असला तर? म्हणून.

मालकांनी सगळ्या वायरी तपासल्या. काही सापडेना. शेवटी चहा पीत अंगणात बसलो, तर त्या घरातले आप्पा काठी टेकत आले, गाडीचं दार उघडलं, डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती ओवाळली आणि दार लावून गेले.

त्यांचा पोरगा, म्हणजे आमचं गिऱ्हाईक, कपाळाला हात लावून म्हणाला, "आप्पा, बाहेरनंच हात जोडा की. काचंतनं दिसतोय न्हवं द्येव?"

"मला द्येव दिसतोय रं," आप्पा म्हणाले, "पर त्याच्याकडं माझी पाठ का तोंड, त्याला कसं कळंल?"

गणपतीचं तोंड आतल्या बाजूला होतं. मालकांनी गुपचूप मूर्ती उचलली आणि काचेकडं तोंड करून चिकटवली. आता आप्पा बोनेटसमोर उभे राहतात. दोघं एकमेकांना बघतात, आणि गाडी चालू होते.

*

हुपरीचे एक पैंजण घडवणारे काका. त्यांची गाडी शनिवारी बटण ऐकायची नाही आणि बुधवार-गुरुवारपासून गुमान ऐकायची.

मालकांनी डोकं खाजवलं. "काका, शनिवारी तुम्ही करता काय?"

"काय न्हाय बा. लिंबू-मिरची बदलतो."

बोनेट उघडं असलं तर गाडी चालू होत नाही, मेकॅनिकचा हात आत असू शकतो म्हणून. काका लिंबू-मिरची बांधायचे ती बोनेटच्या आतल्या कडेला. ताजं लिंबू टपोरं, बोनेट नीट बसायचंच नाही. लिंबू सुकलं की बसायचं.

काका म्हणाले, "म्हंजे लिंबात ताकद हाय, ह्ये तरी खरं की न्हाय?"

जाताना त्यांनी खिशातून बारके घुंगरांचे पैंजण काढले, पिऊच्या पायात घातले आणि मला म्हणाले, "सारखी हिकडं-तिकडं बघतीस लेकी. आता बघू नको, नुसतं ऐक. आवाज असंल तिकडं पोरगी."

कुणी माझ्या भीतीला हसायच्या ऐवजी औषध दिलं, असं पहिल्यांदाच झालं.

*

एकजण आला आणि म्हणाला, "पावणं, ती हँडब्रेकची वायर काढून टाका. रोज ओढायची कटकट हाय."

मालक पान्यावरची नजर न काढता म्हणाले, "बायकोला इचारा."

मी न विचारताच "न्हाय" म्हटलं.

"वहिनी लईच भित्र्या हायत वो."

"व्हय," मालक म्हणाले, "ती भित्री हाय म्हणून हितल्या गाड्या जाग्यावर हायत."

घरात ते माझं कधी कौतुक करत नाहीत. गिऱ्हाइकासमोर करतात, तेही पान्याकडं बघून.

*

आणि हा मागच्या आठवड्यातला. जेवणं झाली होती. मालकांना नंतर पन्हाळ्याला एका गाडीसाठी जायचं होतं, म्हणून ते आपल्या खुर्चीत जरा कलंडले. भंगारातून आणलेली चाकांची खुर्ची ती. दिवसभर ते तिच्यावर बसूनच ह्या गाडीकडून त्या गाडीकडं सरकत असतात. मी नळावर डबे घासत होते. पाठीमागं पैंजण वाजत होते, मी ऐकत होते.

आणि पैंजण थांबले.

मी वळले तर पिऊ नाही. दारात नवी फिटिंग झालेली गाडी उभी. काळजात धस्स झालं. हातातला डबा तसाच टाकून मी पळाले. गाडीच्या खाली बघितलं, मागं बघितलं. चाकापुढं रोज असतो तो दगड जागेवर नव्हता.

आत बघितलं. पिऊ खुर्चीजवळ उकिडवी बसली होती. झोपलेल्या बापाच्या खुर्चीच्या चाकाखाली दोन्ही हातांनी दगड सारत होती. तो नीट बसला का, हे तिनं हलवून बघितलं.

मग मला बघून तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आई, बाबा न्यूटल हाय."