कुरुंद्याहून आलेला केअर प्लॅन

कुरुंद्याच्या बसथांब्यावर माय माझ्यापेक्षा त्या खोक्याकडेच जास्त बघत होती. खोकं मिक्सरचं, चुलतभावाच्या दुकानातून मागून आणलेलं. आत दोन किलो हळद, जवसाची चटणी, कारळाची चटणी आणि मी नको नको म्हणत असताना कोंबलेला पोळपाट. खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र आणि त्याखाली इंग्रजी अक्षरं होती. मायला वाचता येत नाही, पण कुठं काही लिहिलेलं दिसलं की विचारल्याशिवाय तिला राहवत नाही. मी सांगितलं, हँडल विथ केअर लिहिलंय, म्हणजे जपून धरा. तिनं खोकं उचलून छातीशी घेतलं.

"मंग माणसाच्या अंगावर काहून न्हाई लिव्हत असं?"

मला तेव्हा तिचा राग आला. एक तर मी आधीच रडू दाबून उभी, त्यात हिचे असले प्रश्न. तेवढ्यात एसटी आली. वसमत, नांदेड, मग हैदराबाद आणि तिथून विमान, एवढं सगळं डोक्यात होतं. खिडकीतून मी तिला "जा आता घरी, ऊन लागंल" एवढंच म्हणाले. याला पाच वर्षं झाली आणि त्या पाच वर्षांत मी तिच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. उत्तर शेवटी तिनंच पाठवलं, तेही चुकून. तेच सांगायला बसले आहे. तुमच्यातले जे गावात राहिलात, त्यांना सांगते, आणि माझ्यासारखे पुण्याला, हैदराबादला, आखातात, कुठं कुठं पांगलात, त्यांनाही.

मी नांदेडला नर्सिंग केलं. तेव्हा माझी पत्रं, फॉर्म, हॉलतिकीट सगळं 'केअर ऑफ' चुलतभावाच्या दुकानावर यायचं, कारण आमच्या घराला नंबर नव्हता. विहाराच्या मागचं घर म्हटलं की पोस्टमनला कळायचं, पण विद्यापीठाला कसं कळणार? तर केअर हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो असा, पत्त्यात. नंतर तो कस्टमर केअर म्हणून भेटला, आणि मायला तर तो तेवढाच माहीत. मी इंग्लंडात केअर होममध्ये काम करते हे कळल्यावर तिनं गावभर सांगितलं की आमची बबी केअरमध्ये लागली. बायांना वाटलं, मोबाइलवर "आमच्या सर्व लाइन्स व्यस्त आहेत" म्हणणारी ती मीच. एकीनं तर तिच्या सिमकार्डाची तक्रार माझ्याकडे पाठवली.

इथं हा शब्द उठता-बसता कानावर येतो. पहिल्या दिवशी ड्यूटी संपवून निघाले तर एक सहकारीण म्हणाली, "टेक केअर." मी दचकून खाली पाहिलं. वाटलं, फरशी ओली आहे की काय, नाहीतर बाहेर कुत्रं सुटलंय. हळूहळू कळलं की ही निघतानाची बोलायची रीत आहे, आपण "येते हां" म्हणतो तशी. म्हणणारीला फार काही म्हणायचं नसतं. तरी माझं मन इतकं कोरडं झालं होतं की पहिले काही महिने मला ते खरंच वाटायचं आणि बरं वाटायचं.

आमचं इथलं गाव इंग्लंडच्या उत्तरेला, समुद्रकाठचं. होममध्ये तीस-पस्तीस म्हातारी माणसं आहेत. त्यातल्या डोरोथीबाई नव्वदी पार केलेल्या, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या. पायात बळ नाही, पण शब्द एकही विसरलेल्या नाहीत. मी त्यांना अंघोळ घालताना त्या माझं इंग्रजी नीट करतात. एकदा मी म्हटलं, केअर आणि क्युअर हे बहीण-भाऊच असतील ना? त्यांना जणू मी शिवी दिली. म्हणाल्या, मुळीच नाही, क्युअर लॅटिनमधून आलेला पाहुणा आणि केअर आमच्या घरचा. हजारेक वर्षांपूर्वी केअर म्हणजे सेवा नव्हती, केअर म्हणजे दुःख, शोक, जिवाला लागलेला घोर. आजारी माणसाच्या अंथरुणाला जुने लोक केअरचं अंथरूण म्हणायचे. त्यांच्या लहानपणी ईस्टरच्या आधी एक केअर संडे असायचा, दुःखाचा रविवार, आणि त्या दिवशी घरोघरी वाटाणे भिजवून, लोण्यावर परतून खायचे. मी म्हटलं, ही तर आमची उसळ झाली. मग मी त्यांना आमचा शब्द सांगितला, काळजी. तोच घोर आणि तीच सेवा. काळजी वाटते तीच आणि काळजी घेतो तीही तीच. काळजातून निघाली असावी, असं मला वाटतं, खरं-खोटं जाणकारांनी सांगावं. डोरोथीबाईंनी तो शब्द तीन-चारदा म्हणून पाहिला. ळ काही त्यांना जमला नाही.

हे झालं शब्दाचं. पण औंदा उन्हाळ्यात माय पडली.

अंगणात वाळत घातलेली हळद गोळा करताना पाय हळकुंडांवरून घसरला आणि खुबा मोडला. माझा बाप मी सातवीत असताना गेला, भाऊ-बहीण कोणी नाही. मी धावत गेले. नांदेडला ऑपरेशन झालं, पंधरा दिवसांची रजा संपली आणि मी परत आले. ते परत येणं कसं होतं ते विचारू नका. मायजवळ राहायला चुलतभावानं डोंगरकडा गावची शोभा आणून दिली. चांगली बाई, हाताला हलकी, हुशार, दहावी शिकलेली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की वॉकर धरून रोज चालवायचं. आता अंथरुणाला खिळली तर पुन्हा उठणार नाही.

आणि माय उठेना. शोभा रोज फोनवर रडकुंडीला यायची. म्हणायची, ताई, भिंतीकडं तोंड करून निजून राहतात, वॉकर पुढं केला की डोळे मिटतात, जेवण म्हणाल तर दोन घास. मी फोनवर समजावलं, ओरडले, हातापाया पडले. माय एवढंच म्हणायची, "मला काय कराचंय चालून?" दीड महिना असा गेला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. इकडं दिवसभर परक्यांच्या आयांना हात धरून चालवायचं आणि माझी माय तिकडं पडून. राजीनामा लिहून ठेवला होता, तारीख तेवढी टाकायची बाकी होती.

आमच्या होममध्ये एक पद्धत आहे. नवीन माणूस आलं की त्याच्या फायलीत औषधांच्याही आधी एक कागद लावतात, त्याला केअर प्लॅन म्हणतात. त्यात घरच्यांनी लिहायचं असतं की या माणसाला काय हाक मारायची, काय आवडतं, कशाची भीती वाटते, राग आला तर कसं वळवायचं. या कागदाच्या जोरावर मोठमोठी हट्टी माणसं उठून बसलेली मी पाहिली आहेत. मला वाटलं, मायचाही असा कागद करू आणि शोभाला देऊ. मी पेन घेऊन बसले आणि चार प्रश्नांत अडकले. डोरोथीबाईंच्या चहात दूध किती आणि खिडकी किती बोटं उघडी हवी ते मला पाठ. मायला रात्री कशी झोप येते, कशाची भीती वाटते, मला काही म्हणता काही माहीत नाही. मला माझीच लाज वाटली. मग आमच्या होमच्या छापील कागदावरच, वर समुद्रपक्ष्याचं चित्र असलेल्या, मी मराठीत प्रश्न लिहिले, फोटो काढून शोभाला पाठवला आणि सांगितलं की एकेक वाचून दाखव आणि माय म्हणेल ते जसंच्या तसं लिही.

दोन दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत मी जेवणाचा डबा उघडला आणि शोभाचं उत्तर आलं. वहीच्या पानाचा फोटो, गोल गोल अक्षर.

कोणत्या नावानं हाक मारावी? 'बबी. मोठं नाव घेतलं की तिला वाटतं कोणी रागावलं.'

मी म्हटलं, शोभाचा काहीतरी घोटाळा झाला. बबी तर मी. पुढं वाचलं.

'ज्वारीची भाकर, पापुद्रा सुटलेली. दुधावरची साय चालत नाही, काढून मग द्यावं.'

'बेडकाला भेते. पावसाळ्यात न्हाणीत आधी आपण जाऊन कोपरे पाहावे, मग तिला पाठवावं.'

'झोपंत एक पाय भायेर काढते. झाकू नये, पुन्हा काढते.'

'राग आला तर समजूत घालू नये. ताट झाकून ठेवावं. थोड्या येळानं आपली आपण येती.'

अंगावर जुनी जखम, खूण? 'डाव्या घोट्यावर भाजल्याचा डाग हाय. हळद शिजवायच्या कढईपाशी लेकरू खेळत होतं, माही नजर हटली. चूक तिची न्हाई, माही हाय.'

आणखी काही सांगायचं? 'लोकासमोर रडत न्हाई. डोळे लाल दिसले तर काही इचारू नका. चहा द्या.'

तेव्हा लक्षात आलं. कागद इंग्लंडहून आला, वर साहेबांच्या होमचं ते पक्ष्याचं चित्र. मायला वाटलं की बबीच्या साहेबांनी विचारलंय, तुमच्या लेकीला कसं सांभाळायचं ते कळवा. आणि दीड महिना भिंतीकडं तोंड करून पडलेली ती बाई उठून बसली होती आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिनं नीट विचार करून दिलं होतं. त्या भाजल्याच्या डागाबद्दल ती माझ्याशी जन्मात एक अक्षर बोलली नव्हती.

मी स्टाफरूममध्ये बसून रडले, लोकांसमोर. शेजारच्या बाईनं काही विचारलं नाही, उठली आणि चहाचा कप आणून ठेवला. इंग्रज माणसाला दुसरं काही येवो न येवो, रडणाऱ्यापुढं चहा ठेवता येतो.

मग फोन लावला. मायचा पहिला प्रश्न, कागद साहेबाला मिळाला का. खरं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, की माय, तो तुझा कागद होता. पण तिचा आवाज असा काही होता की मी ते गिळलं. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी तिथंच मोडलं. म्हटलं, व्हय माय, मिळाला, साहेबांनी वाचला.

तिनं 'बरं झालं' म्हटलं. मग म्हणाली, "आता सांगते. म्या मुद्दाम उठून न्हवते राहिले. तू तिकडं समद्यायचं करतीस, तुहं कोन करतंय? म्या पडून राहिले तर तू येशील वापस, असं वाटलं. आता त्यायनं बराबर इचारून घेतलंय. तू राह्य तिकडं. शोभे, आन ते वॉकर."

म्हणजे दीड महिना ती मला घरी आणायला निजली होती. आणि आता ती उभी राहत होती, ती मला दुसऱ्यांदा सोडायला. बसथांब्यावर सोडलं त्यापेक्षा हे सोडणं जास्त लागलं. फोनवर वॉकरचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज येत होता आणि शोभा मोजत होती, एक, दोन, तीन. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. डोरोथीबाईंना सांगायला हवं होतं की केअरचे तुमचे जुने-नवे दोन्ही अर्थ मला आज एकदम कळले. पण त्या झोपल्या होत्या.

खोटं मात्र माझ्या पचनी पडेना. संध्याकाळी त्या वहीच्या पानाची प्रिंट काढली आणि आमच्या मॅनेजरबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझ्या आईनं माझा केअर प्लॅन पाठवलाय, तुम्ही ठेवून घ्या. मला वाटलं, हसतील. त्यांनी चष्मा लावला, एक अक्षर वाचता येत नसताना पानभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, पहिली ओळ काय आहे ते सांग. मी सांगितलं. आता त्या मला बाबी म्हणतात. चुकतं, पण मी दुरुस्त करत नाही. पान माझ्या फायलीत लागलं आहे, सगळ्यात वर.

राजीनामा फाडला, असं नाही. तो अजून ड्रॉवरमध्ये आहे. मी कायमची इथली होईन की नाही, मला माहीत नाही. तुम्ही गेलेले आहात, तुम्हालाही माहीत नसणार. मायचा खरा कागद शोभा आणि मी मिळून हळूहळू भरतो आहोत. तिला चहात आलं लागतं आणि दार लोटलेलं असलं तर झोप येत नाही, एवढं आजवर कळलं.

घर कुठं, असं पूर्वी कोणी विचारलं की मी विहाराच्या मागची ती दोन खोल्यांची जागा सांगायची. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर शोभानं मला मायचं चालणं दाखवलं. माय वॉकर टेकत, दम खात, अंगण ओलांडून न्हाणीपर्यंत गेली. दारात थांबली, वाकून आधी हा कोपरा पाहिला, मग तो. शोभानं विचारलं, काय पाहून राहिल्या? मायनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"बेडूक," ती म्हणाली. "न्हाई. येऊ दे आता तिला."

शोभा म्हणाली, कोणाला, मावशी? ताई तर फोनात हायेत. माय थांबली, फोनकडं वळली आणि जरा लाजून हसली. मी म्हटलं, आले माय.