ट्युबिंगनचा जिना कुणी धुतला?

या सदरातल्या गूढ अनुभवांवर मी आजवर फक्त खवचट प्रतिसाद दिलेत, जुन्या मंडळींना आठवत असेल. मी इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर. गेजवर दिसत नाही ते नाहीच, इतका सरळ हिशोब. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहितो.

आम्ही १९९६ पासून कुवेतमध्ये. मी पेट्रोकेमिकलमध्ये, बायको मेधा, लेक, आणि बाबा गेल्यावर नाशिकहून आलेली आई. घर तिथल्या एगैला भागात. २००३ साली कंपनीने मला आठ महिन्यांसाठी जर्मनीत पाठवलं — ट्युबिंगन नावाच्या गावात. गाव एवढंसं, पण विद्यापीठ शेकडो वर्षांचं, नदीकाठी रंगीत घरं, वळणावळणावर पुस्तकांची दुकानं, चर्चमध्ये फुकट ऑर्गन ऐकायला मिळायचा. मी मात्र फोन कार्ड खरवडून कुवेतला फोन लावत बसायचो.

फोनवर आईचं एकच पालुपद. "मला एकदा तुझी खोली बघू दे. तू कुठे झोपतोस, कुठे जेवतोस, काही डोळ्यांसमोर येत नाही रे." मी टोलवायचो. चौथा मजला आहे, लिफ्ट नाही, तुझे गुडघे, व्हिसाची कागदपत्रं... खरं कारण म्हणजे कंटाळा. आज त्याची लाज वाटते.

त्या इमारतीचा एक नियम होता. दर आठवड्याला एकेका भाडेकरूच्या दारावर लाकडी पाटी लटकायची. ज्याच्या दारावर पाटी, त्याने शनिवारी अख्खा जिना धुवायचा. कुवेतला जिना धुतो हारिस, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन. मला काय ठाऊक? मला वाटलं, शेजाऱ्यांनी स्वागताची भेट ठेवलीये. मी ती आत नेऊन चहा-साखरेच्या डब्यांवर छान टांगून ठेवली. तीन आठवडे इमारतभर पाटीचा शोध चालू होता म्हणे. शेवटी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलर, सत्तरीच्या निवृत्त शिक्षिका, वर आल्या आणि मला शाळकरी पोरासारखं झापून पाटी घेऊन गेल्या.

माझी पुढची पाळी ऑक्टोबरात आली आणि मी साफ विसरलो. शनिवारी सकाळीच ऑफिसमधल्या लोकांबरोबर श्टुटगार्टला गेलो. तिथे जेवताना आठवलं. चारला परतलो तर फ्राऊ केलर दारातच उभ्या. पण जिना धुतलेला होता... कोपऱ्यांत अजून ओलसर.

"तुमच्या आईला सांगा, पाणी कमी वापरा. लाकूड फुगतं," त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "पण काम चोख आहे."

मी म्हटलं, आई कुवेतला असते. ते त्यांना पटेना. म्हणे अकराच्या सुमारास एक ठेंगणी बाई, साडी खोचून, उकिडवी बसून, फडक्याने एकेक पायरी पुसत वर गेली. कोपऱ्यातल्या मॉपला हातसुद्धा लावला नाही. यांनी गुड मॉर्निंग केलं तर तिने नुसती मान हलवली. माझ्या पाकिटात आमचा सगळ्यांचा फोटो होता, तो काढून दाखवला. त्यांनी आईवर बोट ठेवलं. "हीच. पण चष्मा नव्हता."

मला हायसं वाटलं. आई चष्म्याशिवाय दोन पावलं टाकत नाही, म्हणजे ही दुसरीच कुणीतरी. आता ट्युबिंगनमध्ये दुसरी साडी नेसणारी बाई कुठून आली, हा विचार जिना चढताना सुचला. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं, किल्ली माझ्या खिशात. आत गेलो. बाथरूमच्या नळावर एक फडकं पिळून वाळत घातलेलं. ओलं होतं.

लगेच कुवेतला फोन लावला. मेधाने उचलला. आई कशी आहे विचारल्यावर आधी ती गडबडली, मग म्हणाली की दोन आठवड्यांपूर्वी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मला लांब बसून काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. आता चष्मा सुटलाय.  आज बारा वाजता आई कुठे होती, असं विचारलं. आमच्या अकराला तिथे बारा वाजतात.

"कुठे म्हणजे? माझ्यासमोर मेथी निवडत होत्या. जून आणली म्हणून मला बोलत होत्या. असं का विचारतोयस?"

पुढचे पंधरा दिवस मी बाकी सगळं सोडून आईच्या व्हिसाच्या मागे लागलो. कागद जमले आणि मी आनंदाने फोन केला. आई म्हणाली, "आता कशाला खर्च? बघून झालं." मी विचारलं, काय बघून झालं? ती म्हणाली, "खिडकीला डोकं करून झोपू नकोस, गार वारा येतो तिथून." आणि फोन लेकीच्या हातात दिला.

माझा पलंग खिडकीलाच होता. हे मी फोनवर कधी बोललो होतो का? बोललो असेनही... मी स्वतःची खूप उलटतपासणी केली, आठवत नाही.

पुढे आई पाच वर्षं होती. कितीदा तरी विचारलं. दर वेळी "काहीतरीच तुझं" म्हणून उठून जायची. मेथी निवडणारी आई खोटी नव्हती, मेधा खोटं बोलत नाही. फ्राऊ केलरना खोटं बोलायचं कारण नव्हतं. मला आजही याचा अर्थ लागत नाही, तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, या वेळी खवचटपणा करणार नाही.

आणि खरंच ती आली असेल, तर मग एवढंच — आई एवढ्या लांबून माझं घर बघायला आली, आणि मी घरी नव्हतो.