एक वर, एक खाली

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली आहे, सहा वर्षांत पन्नास ठिकाणी, हसत हसत सांगितली आहे. पण जशी घडली तशी एकदाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

आम्ही इंदापूर तालुक्यातले, शेळगावचे. डाळिंबाची बाग आहे. मुलगी प्राजक्ता लग्न होऊन जर्मनीला गेली आणि दोन वर्षांनी तिनं आम्हा दोघांना बोलावलं. विमानतळापासून तिच्या गावापर्यंत रेल्वेनं जायचं, मध्ये एकदा गाडी बदलायची, त्याला सात मिनिटं. ती आणि जावई शेवटच्या स्टेशनवर थांबणार होते. तिनं मला आधीच कळवलं होतं — बाबा, लहान दोन बॅगा आणा, आपली आपल्याला एका हातानं उचलून पायरी चढता आलं पाहिजे, इथं हमाल नसतो. मी तो मेसेज वाचला. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवला नाही.

का नाही दाखवला? लाज वाटली, दुसरं काय. निरोप द्यायला सगळी भावकी येणार, आणि आम्ही परदेशाला निघालो म्हणून हातात काय — बारामतीला दवाखान्यात चार दिवस राहायला निघाल्यासारखी एवढीशी बॅग?

बारामतीच्या दुकानात सुमननं एक निळी, लहान बॅग उचलली. उचलून दारापर्यंत चालून आली. “आवं, ही बरी हाय. माझी मला झेपती.”

मी दुकानदाराकडे बघून म्हणालो, “हिला शाळेत घालायची आहे.” दुकानदार हसला. सुमनही हसली आणि बॅग परत जागेवर ठेवली.

मी सगळ्यांत मोठी घेतली. तिच्या कंबरेला लागत होती. किती क्रेटचा माल मावेल, अशा हिशेबानंच मी ती निवडली — आम्हाला दुसरी रीत कुठं माहीत? घरी शेडमधल्या काट्यावर ठेवून विमानाच्या नियमात वजन बसवलं. प्रत्येक घरातून काही ना काही आलं — शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, पापड, गोधडी. बावड्याहून सुमनच्या बहिणीनं कुरडया पाठवल्या. त्या बॅगेत मोडतील म्हणून कापडी पिशवीत वेगळ्या घेतल्या. भरलेली बॅग दोन गड्यांनी उचलून गाडीत घातली. ती मी एकट्यानं एकदाही उचलून पाहिली नव्हती.

पुढचं लिहायला मी चार दिवस लावलेत.

डाळिंबाचे क्रेट गाडीत भरायची आमची एक पद्धत आहे. मी पिकअपवर उभा राहतो, सुमन खालून क्रेट वर देते, मी ओढून घेतो. एक वर, एक खाली. पंचवीस वर्षं असंच. त्या स्टेशनवर दुसरी गाडी लागली तेव्हा आम्ही काही बोललोसुद्धा नाही. मी सवयीनं आधी चढलो, ती सवयीनं खाली राहिली. मी वरून बॅगेचा कान धरला, तिनं खालून जोर लावला.

बॅग उठेना. पायरीला चाक अडकलं. दार अरुंद, मागे लोक खोळंबलेले — ते दुसऱ्या दारानं चढून गेले, डब्यातली माणसं बघायला लागली. सुमनचा गुडघा दुखरा. तिनं एकदा बॅग खाली टेकवली, पदर खोचला, पुन्हा वाकली. तेवढ्यात शिट्टी झाली.

आता मी उतरू शकलो असतो का? हो. एक पायरी होती. निदान बॅगेचा कान धरून राहिलो असतो तर दार मिटलं नसतं. एवढं मला तेव्हाही समजत होतं. पण गाडी चुकली तर पुढं काय, कुणाला विचारायचं, कुठल्या भाषेत — आणि ती सगळी माणसं माझ्याकडे बघताहेत, आपल्यामुळं गाडी अडलीय — मला भीती वाटली. मी हात सोडला.

दार मिटलं. दारावर एक बटण होतं, हिरवा दिवा अजून लागलेला. माझ्या हाताशी होतं. ते दाबलं की दार उघडतं, हे मी सकाळीच पाहिलं होतं. दिवा विझेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिलो. काचेपलीकडे सुमन बॅगेवर हात ठेवून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. दोघांची तिकिटं माझ्याकडे, पासपोर्ट माझ्याकडे, चालणारा फोन माझ्याकडे.

मी पुढच्या स्टेशनवर उतरून परत आलो. सव्वा तास गेला. ती त्याच जागी होती. बसलीही नव्हती. मला बघून म्हणाली, “मला वाटलं, तुमी कुठं लांब गेलाव का काय.” एवढंच. मग आम्ही बॅग दोघांनी धरून चढवली. दोघं खाली राहून. तसं करता येत होतं.

आई मागं राहिली, एवढंच मी प्राजक्ताला फोनवर कळवलं होतं. ती स्टेशनवर रडवेली होऊन उभी होती. “आई मागं कशी राहिली, बाबा?” सुमननं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, “कुरडयांची पिशवी बाकावर विसरली, ती घ्यायला वळली. मी बॅग ओढत होतो, तेवढ्यात दार लागलं.”

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाली, “व्हय गं. माझंच चुकलं.”

तिथंच मी थांबायला हवं होतं ना? पण गावी आल्यावर लोक प्रवासाचं विचारत, आणि ही गोष्ट फार रंगायची. कुरडयांपायी जर्मनीत हरवलेली बाई. दरवेळी मी थोडी भर घालत गेलो.

पुढच्या वर्षी प्राजक्ताला दिवस गेले. बाळंतपणाला आईनंच यावं, अशी तिची इच्छा. सुमन नाही म्हणाली. “मी वेंधळी बाई. मधीच कुठं राहिले तर पोरीनं बाळाकडं बघायचं का मला हुडकायचं?” मी ऐकत होतो. एका वाक्यात मला ते दुरुस्त करता आलं असतं. मी डिंकाच्या लाडवांचा डबा कुरिअरनं पाठवून आलो. विहीणबाई गेल्या. नातू आता चार वर्षांचा आहे. सुमननं त्याला अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. फोनवर तो तिला ‘हरवलेली आजी’ म्हणतो.

परवा माझा पुतण्या आला. युरोपला फिरायला निघालाय, सगळीकडे रेल्वेनं. केवढी बॅग घेऊ, म्हणून मला विचारायला आला — मी जाऊन आलेला माणूस. मी सांगितलं, भरल्यावर एका हातानं उचलून जिना चढून बघ. जमलं तरच ती बॅग तुझी. अगदी प्राजक्तानं सांगितलं होतं तसंच.

“आणि कुरडया न्यायच्या नाहीत,” तो म्हणाला. “काकू, सांगा की परत. नक्की काय झालं होतं?”

सुमन चहा घेऊन आली होती. तिनं सांगितलं. माझ्यापेक्षा छान सांगते आता. बाक कसा होता, पिशवी कशी दिसली, आपण कशा वळलो — सगळं. पुतण्या पोट धरून हसला. ती माझ्याकडे बघत नव्हती. कपबश्या उचलून आत गेली.

कुरडयांची पिशवी माझ्या खांद्याला होती. मी चढलो तेव्हाही, दार मिटलं तेव्हाही. काचेतून तिला ती दिसत होती.